उघाडी

रात्रीचे पावणेदोन. महापे, सातवा मजला.
सौमित्रचा कोड वाचतेय मी.
बेचाळीस हजार निवृत्तांचं पेन्शन
आणि त्यात एक फंक्शन:
जन्मतारीख घेतं, वय देतं.

देतं म्हणजे, तसं सही करून सांगतं.
तारीखच नसली तर
फेकतं.
काय फेकतं, कुणाच्या अंगावर,
सहीत त्याचा उल्लेख नाही.

"वर कुणीतरी झेलेल ना," सौमित्र म्हणतो.
वर म्हणजे कुठे, ते त्यालाही ठाऊक नाही.

आजोबांची खारजमीन इथून दिसली असती,
खाडीकडे, त्या टॉवरांच्या लाल दिव्यांखाली.
राता पिकायचा तिथे.
बांधाला खांड गेली की
पाणी पहिल्या शेताला विचारत नसे,
दुसऱ्याला तर नाहीच.
बांधामागून बांध फोडत वर चढे,
कुणी आडवं झालं नाही तर थेट गोठ्यात.
सकाळी सगळं थांबलेलं.
भांडी तरंगत.
मी पाहिलं नाही हे, बाबांनी सांगितलंय.
पण पडद्यावर लाल अक्षरांचा तो लांबलचक माग
खालून वर वाचत गेले
की मला चिखलाचा वास येतो.

आणि खेकडे.
सौमित्रने एका ठिकाणी तेही पाळलेत:
झेल, आणि गप्प बस.
बांध वरून धडधाकट, आत बिळंच बिळं.
फुटलेल्या बांधापेक्षा
आजोबा असल्या बांधाला जास्त भ्यायचे.

उघाडीचं वेगळं.
बांधातच बसवलेलं लाकडी दार.
भरती रेटेल तशी मिटते, ओहोटीला सुटते.
पाणी येणार, हे बांध घालतानाच कबूल केलेलं.

तसं लिही, मी म्हणते.
उजवीकडे वय, डावीकडे कारण.
दोहोंतलं एक काहीतरी
हातात दे, फेकू नकोस.
पुढच्या फंक्शनला उजवं मिळालं तर ते काम करील,
डावं मिळालं तर घडी न मोडता
तसंच पुढे देईल
ठरवायचा अधिकार ज्याला आहे त्याच्यापर्यंत.
हाताळायचं ते तिथे.

"त्यापेक्षा नुसतं 'काही नाही' परत देऊ?
सोपं पडेल. कारण कशाला वागवायचं?"

साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी
हिराजी भोईर अकरा वेळा बेलापूरला गेले,
अकरा वेळा परत आले.
काय म्हणाले? बाबा विचारायचे.
"काय नाय."
चप्पल काढत, पाय धूत,
"काय नाय."
ते गेल्यावर चार वर्षांनी फाईल हाती लागली.
सातबाऱ्यावर हिराजी. रेशनकार्डावर हिरू.
एका ओळीत मावलं असतं.

हे मी सौमित्रला सांगत नाही.
कारण लिही, एवढंच म्हणते,
जरा मोठ्यानेच.

तो सही बदलतो
आणि कंपायलर चौदा जागी अडून बसतो:
इथे डाव्याचं काय? इथे? आणि इथे?
चौदा जागा, जिथे गेली तीन वर्षं
सगळ्यांना जन्मतारीख असते
असं धरून चाललो होतो आम्ही.
सौमित्र कपाळ धरतो.
मी मशीनचा चहा आणते, साखर जास्त पडलेला.

साडेचारला चाचणी.
एकेचाळीस हजार नऊशे ब्याऐंशी उजवीकडे.
अठरा डावीकडे, प्रत्येकापुढे एक ओळ.
तारीख रिकामी.
वर्ष आहे, दिवस नाही.
दोन नोंदी, दोन नावं.
काही कोसळलं नाही. पण झालंही नाही अजून;
अठरा फोन आहेत, कुणीतरी करायचे.

प्रिंटरमधून कागद गरम बाहेर येतो.
"हा कुणाकडे द्यायचा?" सौमित्र विचारतो.
वर बघतो, सवयीने.
मी पेन घेते
आणि कोपऱ्यात
माझा एक्स्टेन्शन नंबर लिहिते.